दिवसाला दोन तास

मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी सव्वानऊला
मी त्याची नाडी बघते.
एगबर्ट लोमायर, वय शहाण्णव,
शंभरी भरायला चार कमी.
मनगटावरची कातडी सैल,
उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखी.
रक्तदाब एकशे बेचाळीस, ऐंशी.
मी फॉर्मवर लिहिते : सुनावणीस योग्य, दिवसाला दोन तास.
त्याहून जास्त न्याय
या हृदयाला झेपणार नाही.

खटला किशोर न्यायालयात आहे,
कारण तेव्हा तो अठराचा होता.
तेव्हा म्हणजे मनोऱ्यावर, बंदूक खांद्याला, खाली तारा.
कायदा वय धरतो ते गुन्ह्याच्या दिवसाचं.
म्हणून बाहेर त्याच्या चाकांच्या खुर्चीशेजारी
मोपेड चोरलेला एक पोरगा बसलाय, च्युइंगम चघळत,
आणि भिंतीवर पत्रक :
'रागावर ताबा कसा मिळवाल? दर बुधवारी, मोफत.'

लोमायर म्हणतो, वरून फारसं दिसत नसे.
समुद्र जवळ. धुकं असायचं.
सरकारी वकील अंतर वाचून दाखवते,
मनोऱ्यापासून धुराड्यापर्यंत एकशे सदतीस मीटर.
मी डोळ्यांची डॉक्टर नाही.
मला कुणी विचारलंही नाही.

या मंगळवारी शिफ्रा लेवितान आल्या, मॉन्टेव्हिडिओहून,
लेकीच्या दंडाला धरून. वय ब्याण्णव.
त्यांची नाडी कुणी बघितली नाही.
साक्षीदाराच्या हृदयासाठी
आमच्याकडे फॉर्म नसतो.

त्या हजेरीबद्दल बोलल्या.
पहाटे चारपासून उभ्या, बर्फात.
बहीण डावीकडे, तिचे गुडघे सुटत होते,
हिनं कोपर कोपरात अडकवून ठेवलं,
ती उभी दिसावी म्हणून.
मग वर बघितलं. मनोऱ्यावरचा पोरगा
सफरचंद खात होता. आणि

अकरा तीस.
मी हात वर केला.
नियमच आहे तो, मी हात वर करायचा आणि सगळ्यांनी थांबायचं.
पण आपल्या भाषेत
हात वर करणं म्हणजे काय,
ते मला खुर्चीतून उठतानाच आठवलं.
माइकचा लाल दिवा विझला.
लघुलेखिकेच्या कागदावर 'आणि' तेवढा राहिला,
पुढे पूर्णविराम द्यावा की नाही, ती न्यायाधीशांकडे बघत होती.

व्हरांड्यात शिफ्राबाई म्हणाल्या,
'वेळ बघणाऱ्या त्या तुम्हीच का?'
हो म्हटलं.
'आमच्यापाशी घड्याळ नव्हतं. कुणाकडे तरी आहे, बरं झालं.'
आवाजात टोमणा शोधला मी. सापडला नाही.
मग त्यांनीच मनगट पुढे केलं. 'बघा की माझीही.'
दर चौथा ठोका गळत होता.
मी म्हटलं, तुम्हाला विश्रांती हवी.
'गुरुवारपर्यंत आहेच,' त्या म्हणाल्या.

बुधवारी आईच्या कपाटातून अल्बम काढला.
चव्वेचाळीस सालच्या पानावर
फोटोचे चार कोपरे चिकटलेले आहेत,
फोटो नाही.
आजोबा पंच्याऐंशीव्या वर्षी गेले, झोपेत,
त्यांचीही नाडी मीच बघायचे.
रविवारी, कॉफी झाल्यावर.
नाडीवर बोट असताना
बोलायचं नसतं, मोजणी चुकते.
एवढं कारण मला पुरलं, इतकी वर्षं.

गुरुवार. लोमायर : बहात्तर, नियमित.
झोप छान लागली, म्हणाला.
नऊ तीसला शिफ्राबाई बसल्या,
'नमस्कार' नाही, 'मागच्या वेळी मी म्हणत होते' नाही.

'आणि,' त्या म्हणाल्या,
'माझी बहीण त्या सफरचंदाकडे बघून हसली.'

लोमायरनं कानातलं यंत्र
नीट बसवून घेतलं.